हात बदलला की लेप उलटतो

सकाळी अकराला त्या घराची बेल कुणी वाजवत नसे. टपालवाला नाही, खालच्या मजल्यावरची शेजारीण नाही. चुकून कुणी नवख्यानं वाजवलीच, तर दार उघडणाऱ्या बाईचे दोन्ही हात मनगटापर्यंत मातीनं माखलेले असायचे. कडी कोपरानं सरकवून ती एवढंच म्हणायची, "अर्ध्या तासानं या. आईंचा लेप चाललाय."

ही बाई म्हणजे घरातली धाकटी सून. एकावन्न वर्षांची झाली, गुडघे कुरकुरायला लागले, तरी घरात आणि गल्लीत तिचं नाव धाकटीच. थोरली नवऱ्याबरोबर दूरच्या शहरात राहायला गेली, त्याला वीस वर्षं होऊन गेली. पण थोरली गेली म्हणून धाकटीला कुणी बढती दिली नाही.

आई म्हणजे तिच्या सासूबाई. गल्लीत त्यांना पावडरबाई म्हणत. एका मोठ्या दुकानात, स्नो-पावडरच्या काउंटरमागे त्या एकोणतीस वर्षं उभ्या होत्या. गिऱ्हाईक आलं की त्या आधी त्याचं मनगट उलटं करून बघायच्या आणि मग डबी काढायच्या. कुठल्या बाईला कुठला रंग शोभेल यात त्यांचा अंदाज कधी चुकला नाही. "बाई आरशात बघताना श्वास रोखून धरते ना, तेव्हाच कळतं घेणार की नाही," असं त्या सांगत. निवृत्त झाल्यावरसुद्धा चेहऱ्याला हात लावल्याशिवाय, भुवया नीट केल्याशिवाय त्या दूध घ्यायला दारात जात नसत.

आणि अशा बाईचा नेमका चेहराच गेला. आठ वर्षांपूर्वी एका सकाळी चूळ भरताना पाणी ओठांच्या उजव्या कोपऱ्यातून गळायला लागलं. दवाखान्यातून तीन आठवड्यांनी परत आल्या तेव्हा उजवा हात निकामी, उजवा पाय ओढत टाकायचा, आणि चेहऱ्याची उजवी बाजू ओल्या कपड्यासारखी खाली लोंबलेली. बोलणं हळूहळू परत आलं, काठी घेऊन चालणंही जमलं. चेहऱ्यानं मात्र दाद दिली नाही.

डॉक्टरांनी चेहऱ्याला रोज चोळायला सांगितलं होतं. त्यासाठी व्यायाम शिकवणारी एक बाई घरी यायची. "आजी, गाल फुगवा. आजी, आता दात दाखवा." आईंनी दोन दिवस सहन केलं. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "तोंड वेंगाडायला मी माकड आहे का गं? उद्यापासून येऊ नकोस." घरातल्यांनी हात लावला तरी मान फिरवायच्या.

धाकटी तेव्हा कपड्यांच्या कारखान्यात कटिंगच्या टेबलावर होती. दवाखान्यांचे, हॉटेलांचे गणवेश तिथं शिवले जायचे. कापडाचे चाळीस-चाळीस थर एकावर एक घालून, वर खडूनं आखून एका दमात कापायचे. अकरा वर्षांत तिची रेघ कधी हलली नव्हती. सासूबाईंसाठी म्हणून तिनं तीन महिन्यांची रजा घेतली. त्या तीन महिन्यांची आठ वर्षं झाली, ती या मातीमुळे.

झालं असं, की कपाट आवरताना तिला मुलतानी मातीचं एक जुनं पाकीट सापडलं. ती सहज म्हणाली, "आई, तुम्ही दुकानात ते महागाचे लेप विकायचात ना? तसला घरी करून बघू या का?"

"त्या महागाच्या बाटलीत काय असतं ठाऊक आहे का?" आई म्हणाल्या. "माती! बाटली काचेची, झाकण सोनेरी, म्हणून माणसं भुलतात." आणि त्या हसल्या. अर्ध्याच तोंडानं हसल्या, पण दवाखान्यातून आल्यापासून पहिल्यांदा हसल्या.

मग शिकवणी सुरू झाली. माती आधी पातळ फडक्यातून गाळायची, एक खडासुद्धा राहता कामा नये. वाटी चिनी मातीची, चमचा लाकडाचा, धातू जवळ आणायचा नाही. गुलाबपाणी एकदम ओतायचं नाही, चमच्याचमच्यानं घालायचं. थंडीत दोन थेंब मध, उकाड्यात काकडीचा रस. "बोट बुडवून वर धर. थेंब लटकला पाहिजे, पडता कामा नये. पडला तर पातळ झालं, लटकलाच नाही तर ते गिलाव्याचं काम झालं." हनुवटीपासून वर वर लावत जायचं, डोळे आणि ओठ सोडायचे. कडा पांढऱ्या व्हायला लागल्या की काढायचं, ठणठणीत वाळू द्यायचं नाही.

धाकटीनं यात आपली एक युक्ती घातली. काढताना कोमट पाण्यात बोटं बुडवून ती उजव्या गालावर सावकाश गोल गोल फिरवायची. ओठाच्या कोपऱ्यापासून कानापर्यंत, भुवईच्या वर, जबड्याच्या कडेनं. व्यायामवाल्या बाईनं दाखवलेलं सगळं ती लेप काढण्याच्या नावाखाली करून घ्यायची. आईंना कळलं नाही. वर्षभरात ओठाचा कोपरा सावरला, लाळ गळायची थांबली. देवाच्या तसबिरीपुढे हात जोडताना धाकटी रोज म्हणायची, "देवा, माझ्या हाताला यश दिलंस."

इथपर्यंत सगळं चांगलंच होतं. पुढे जे केलं ते मात्र तिनं स्वतः केलं, त्याचा दोष दुसऱ्या कुणाला देता येत नाही.

पहिल्याच वर्षी एकदा ती बाजारातून परतली तर नणंद आलेली. नणंद दोन गल्ल्या पलीकडे राहायची, बोलायला तिखट आणि मनानं मोकळी. तिनं आपली हौस म्हणून माती कालवली होती, स्टुलावर बसून आईंना लेप लावत होती, आणि दोघी मायलेकी खिदळत होत्या. धाकटी पिशवी हातात धरून दारातच उभी राहिली. हातातलं काम सोडलं मी, घरात कोंडून घेतलं मी, आणि हसायचं हिच्याबरोबर? असं काहीतरी तिच्या मनात आलं. नणंद गेल्यावर तिनं आईंच्या कानाशी लागून सांगितलं, "ताईंना बोलू नका, पण माझ्या आजीला या लेपाचं फार कळायचं. ती म्हणायची, हात बदलला की लेप उलटतो. चट्टे उठतात."

तिच्या आजीनं जन्मात चेहऱ्याला साबणाखेरीज काही लावलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आईंच्या गालावर दोन लाल ठिपके उठले. डास चावला असेल, उशीचा अभ्रा खरखरीत असेल. आईंनी मात्र बोट दाखवून सांगितलं, "बघ, तुझी आजी शहाणी होती." त्या दिवसापासून दुसऱ्या कुणाचा हात त्यांनी चेहऱ्याला लागू दिला नाही.

धाकटी तेव्हा मनातून सुखावली. त्या सुखाला आता आठ वर्षं होत आली होती. अंगात ताप असला तरी अकराला वाटी घेऊन बसायचं. भाचीच्या लग्नाला सगळं घर गेलं, ही घरीच. माहेरी आई अंथरुणाला खिळली तेव्हा सकाळचा लेप उरकून जायची आणि दुसऱ्या दिवशीच्या लेपाआधी परतायची. शेवटच्या दिवशी पोचायला तिला उशीर झाला, हे ती कुणापाशी बोलली नाही. मागची खोली एवढीशी, खिडकीसमोर हाताच्या अंतरावर शेजारच्या इमारतीची भिंत. त्या भिंतीवरचा ओलीचा डाग केवढा होता आणि केवढा झाला, हे तिच्याइतकं कुणालाच सांगता आलं नसतं.

नवरा लिफ्टदुरुस्तीच्या कामावर. स्वभावानं गरीब. "आईचं तुझ्यावाचून पान हलत नाही," असं तो आल्यागेल्याला कौतुकानं सांगायचा. एकदा धाकटी त्याला म्हणाली होती, "तुमच्या लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाला निदान घंटा तरी असते दाबायला." त्याला तो विनोद वाटला. कामावर चौघांना सांगितला त्यानं.

आणि एका सोमवारी कारखान्यातल्या बाईंचा फोन आला. या बाई कटिंग खात्याच्या प्रमुख. आवाज दणदणीत, मशिनींच्या वर चढवून चढवून तसाच राहिलेला.

"अगं, हात चालतोय का अजून? की चमचे धरून धरून आखडला? टेबलावरची एक जण सोडून चालली आहे. दुसऱ्या दहा जणी मागे लागल्यात, पण मला तुझी रेघ हवी. सकाळी आठ ते चार. शनिवारी दुपारपर्यंत सांग, मग मी थांबायची नाही."

फोन ठेवल्यावर धाकटीनं जेवणाच्या टेबलावरचं मेणकापड दोन्ही हातांनी सपाट केलं. मग कडेकडेनं अंगठा फिरवत गेली, कापड आखताना फिरवायची तसा. एवढं एकच काम तिला असं येत होतं की ते कुणाच्या कुरकुरण्यावर अवलंबून नव्हतं. आणि या वयात परत कुणी बोलावणार नव्हतं, हेही तिला ठाऊक होतं.

नवरा म्हणाला, "आई तयार असेल तर माझं काय जातंय?" नणंदेला विचारलं तर तिनं लगेच हात पुढे केला. "जा गं, खुशाल जा! माझी मुलं मोठी झाली, सकाळी मी भिंतींशी बोलत असते. त्यापेक्षा आईशी बोलीन. ती भिंतीपेक्षा जरा कमी ऐकते, एवढंच." जेवणखाण, औषधं, फिरवून आणणं, सगळं तिनं अंगावर घेतलं. प्रश्न उरला एका लेपाचा.

मंगळवारी नणंद वाटी घेऊन बसली. आईंनी मान भिंतीकडे वळवली. "हात बदलला की लेप उलटतो."

"उलटतो म्हणजे काय होतं? चेहऱ्याचं मांजर होतं?"

"तुला थट्टा सुचते. धाकटीच्या आजीचं सांगणं आहे ते."

नणंदेनं मागे वळून धाकटीकडे बघितलं. धाकटी काकडी किसत होती, ती जरा जास्तच बारीक किसायला लागली.

बुधवारी मुलगा, मुलगी, सून, तिघांनी मिळून आईंची समजूत घातली. धाकटी शेजारी उभी राहील, या अटीवर त्या कशाबशा तयार झाल्या. नणंदेनं लावलंही बेताचं, छान. पण पाच मिनिटांत आई ओरडल्या, "आग होतेय! काढा, काढा आधी!" धाकटीनं घाईघाईनं पुसून काढलं. दोन्ही गाल लालभडक. वाटी नाकाशी नेली तर लिंबाचा वास.

"ताई, लिंबू पिळलंत?"

"थोडंसंच गं. मोबाईलवर एक मुलगी सांगत होती, उजळपणा येतो म्हणून."

"सत्त्याहत्तराव्या वर्षी कुठं उजळायचंय मला?" आई कडाडल्या. मग धाकटीकडे वळून समाधानानं म्हणाल्या, "बघ. तू खरंच बोलत होतीस. उलटला की नाही?"

"आई, ते लिंबामुळं…"

"लिंबू निमित्त. हात बदलला होता."

गुरुवारी दोघीच घरात असताना धाकटीनं सगळं सांगून टाकलं. लेप काढून झाला होता, आईंचा चेहरा ओलसर आणि शांत होता. ती स्टुलावर बसून म्हणाली, "आई, मी तुमच्याशी खोटं बोलले होते. आजीनं असलं काही सांगितलं नव्हतं. आजीला लेप म्हणजे काय तेही माहीत नव्हतं. ताई तुम्हाला हसवत होत्या, ते मला बघवलं नाही, म्हणून मी मनचं बोलले. मला माफ करा."

केवढं धाडस करून बोलली होती. आईंनी मायेनं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"जायचं आहे ना तुला? म्हणून आजीला खोटं पाडतेस. गेलेल्या माणसावर असा आळ घेऊ नये गं, पाप लागतं."

"आई, देवाशप्पथ सांगते."

"शपथा घेऊ नकोस. गालांची आग झाली ती काय माझ्या मनानं झाली?"

धाकटी उठून स्वयंपाकघरात गेली आणि ओट्याला टेकून उभी राहिली. खोटं बोलले तेव्हा एका दमात पटलं. खरं सांगितलं तर कुणी घेईना. आपण बांधलेल्या भिंतीला आपणच दार ठेवलं नव्हतं.

नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो पोट धरून हसला. "एवढंच ना? मग उद्या सांग, आजी स्वप्नात आली होती. म्हणाली, नणंदेचा हात चालतो. आई लगेच ऐकेल."

"काहीतरीच काय!"

"काहीतरीच का? कुलूप ज्या किल्लीनं लावलं तिनंच उघडतं."

शुक्रवारभर ते तिच्या डोक्यात घोळत राहिलं. सोपं होतं. आईंनी मानलंही असतं. शनिवारी सकाळी ती देवाच्या तसबिरीपुढे उभी राहिली तेव्हा शब्द ओठांवर तयार होते, आजी पांढऱ्या कपड्यांत होती, हसत होती, वगैरे. तिनं डोळे मिटले. "देवा, एक बोलले ते आठ वर्षं निस्तरतेय. दुसरं माझ्या तोंडून येऊ देऊ नकोस. काय करू ते तूच सुचव." स्वप्नाची गोष्ट मात्र तिनं सांगितली नाही.

अकराला तिनं नेहमीसारखी माती कालवली. थेंब बोटावर लटकवून पाहिला. खोलीत गेली आणि स्वतःच्या मांडीवर घ्यायची ती वाटी तिनं आईंच्या मांडीवर ठेवली.

"आज तुम्ही लावा."

"मी? या हातानं?"

"डाव्या हातानं. त्या हातानं चहा पिता, काठी धरता, माझ्यावर बोटही रोखता. तो हात धडधाकट आहे."

"सूनबाई, थट्टा करतेस का माझी?" आई रागावल्या की सूनबाई म्हणत.

"थट्टा नाही. दुसऱ्याचा हात नको म्हणता ना? तुमचा स्वतःचा हात तर दुसऱ्याचा नाही."

आई विचारात पडल्या. त्यांच्या हिशेबात हे कुठं बसत नव्हतं, आणि मोडतही नव्हतं. शेवटी त्यांनी दोन बोटं वाटीत बुडवली. आणि धाकटी बघतच राहिली. हनुवटीपासून वर, एका संथ ओढीत, कुठं जाड नाही, कुठं पातळ नाही. गालाचं हाड, कपाळ, नाकाची कड. एकोणतीस वर्षं गिऱ्हाइकांच्या चेहऱ्यांवर फिरलेली ती बोटं होती, त्यांना काही शिकवायला नको होतं. डावी बाजू बघता बघता पूर्ण झाली. नाकाच्या शेंड्यावर बोटं आली आणि तिथंच थांबली.

"आता तू."

"ती बाजू पण तुम्हीच लावा, आई."

आईंनी मान हलवली. बोलल्या तेव्हा आवाज खाली आला होता. "ती मला कळत नाही गं. कुठं सुरू होते, कुठं संपते, काही समजत नाही. हात लावला की दुसऱ्या कुणाचा तरी गाल धरल्यासारखं वाटतं. तुझ्या हाताला ठाऊक आहे सगळं."

धाकटीच्या लक्षात आलं, आठ वर्षांत आईंनी त्या गालाला एकदाही हात लावलेला तिनं पाहिला नव्हता. तोंड पुसायचं तर टॉवेल हिच्या हातात देत. आजीबिजीचं कारण सगळं नंतरचं. त्यांचा अर्धा चेहरा हिच्याकडे ठेवायला दिलेला होता, आणि ठेव टाकून जाता येत नाही. तिची बोटं आपोआप वाटीकडे गेली, पार मातीत बुडाली.

तेवढ्यात बाहेरच्या खोलीत फोन वाजला.

ती तशाच हातांनी गेली. "काय गं?" कारखान्यातल्या बाई मशिनींच्या आवाजातून ओरडल्या. "बारा वाजायची वाट बघू, की दुसरीला उभी करू? एक शब्द बोल."

फोनपासून आतली खोली दिसत होती. आई खुर्चीत ताठ बसल्या होत्या. अर्धा चेहरा मातीचा, अर्धा उघडा, आणि उघडी बाजू त्यांनी दाराकडे करून, हनुवटी थोडी वर उचलून धरली होती. वाट बघत.

ठेव टाकून जाता येत नसली, तरी ज्याची त्याला परत देता येते. धाकटी म्हणाली, "येते. सोमवारी आठला."

"हां, आता कशी बोललीस!" आणि फोन बंद झाला.

ती आत आली आणि स्टुलावर बसली. आईंनी सगळं ऐकलं होतं.

"म्हणजे ठरवून टाकलंस."

"हो, आई."

"आणि ही बाजू?"

नणंद लावील म्हणावं तर ते आईंना चालणार नव्हतं, चालेल म्हणावं तर ते खोटं झालं असतं. ती म्हणाली, "वाटीत माती आहे. वाळायच्या आत लावा."

डाव्या बाजूच्या कडा पांढऱ्या व्हायला लागल्या. जिन्यावरून कुणीतरी खाली उतरून गेलं. मग आईंनी बोटं बुडवली, हात नाकावरून पलीकडे नेला आणि तो हवेतच घुटमळला. अंधारात जिन्याची पायरी चाचपावी तसा तो खाली आला आणि गालाला टेकला. आई दचकल्या, पण हात मागे घेतला नाही. माती आधी जबड्यावर गेली, मग मानेवर, मग एकदम वर केसांत. एक गोळा कानात गेला.

धाकटीची बोटं वळवळायला लागली. खाली, आई, जरा खाली, असं जिभेवर आलं. तिनं मातीचे हात तसेच मांड्यांखाली घातले आणि त्यांच्यावर बसून राहिली. कपडे खराब झाले, होऊ देत.

"कसं लागलंय?" आईंनी विचारलं.

"वाकडं लागलंय. केसांत गेलंय. कानातही गेलंय."

"मग काढ ना!"

"तुम्हीच काढा, आई."

"सूनबाई!"

धाकटी हलली नाही. डोळ्यांना धार लागली होती, पण पुसायला हात मोकळे नव्हते. आई तिच्याकडे रागानं बघत राहिल्या. मग त्यांनी डावा हात परत वर नेला आणि पलीकडचा आपला कान कुठं आहे ते शोधायला लागल्या.